प्रत आणि प्राक्तन

भंडारा, तुमसर किंवा पवनीच्या बाजारात तांदळाच्या पोत्यावर 'सॉर्टेक्स' हा शब्द छापलेला आढळतो आणि गिऱ्हाईकही तो घरच्या शब्दासारखा उच्चारते. 'सॉर्टेक्स द्या' एवढे म्हटले की दुकानदाराला कळते : खडा नको, काळा दाणा नको, कणी बेताची हवी. वस्तुतः हे मुळात एका विलायती यंत्राचे व्यापारी नाव. रंग पाहून दाणे वेगळे करणारी ही यंत्रे राईस मिलमध्ये आली आणि यंत्राचे नाव मालाचे विशेषण होऊन बसले. त्या नावाच्या पोटात इंग्रजीतील एक लहानसे क्रियापद आहे : 'सॉर्ट'. तेच क्रियापद टपाल कचेरीत 'सॉर्टिंग' या रूपाने नांदते, तहसील कार्यालयातील संगणकावर 'यादी सॉर्ट करा' म्हणून दिवसातून दहा वेळा वापरले जाते, आणि शाळेच्या पाठ्यपुस्तकातील स्वाध्यायातही हटकून भेटते. शब्दकोश उघडला तर त्याचा अर्थ 'वर्गीकरण करणे' असा मिळतो. शिक्षक तो फळ्यावर लिहितात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि या अपुरेपणाचे परिणाम केवळ इंग्रजीच्या तासापुरते राहत नाहीत.

'सॉर्ट'चे मूळ लॅटिन भाषेतील 'सॉर्स' या नामात आहे, आणि 'सॉर्स' म्हणजे वर्ग नव्हे की प्रकार नव्हे. 'सॉर्स' म्हणजे चिठ्ठी. ज्या प्रश्नाचा निवाडा माणसाच्या बुद्धीने होत नसे तो दैवावर सोपवण्याची रीत प्राचीन इटलीतही होती. रोमजवळच्या प्रेनेस्ते या गावी भाग्यदेवतेचे देऊळ होते. तेथे ओक वृक्षाच्या लाकडावर अक्षरे कोरलेल्या पट्ट्या ठेवलेल्या असत आणि त्यांतील पट्टी लहान मुलाच्या हाताने काढवून कौल घेतला जाई, असे सिसेरोने लिहून ठेवले आहे. त्या पट्ट्या म्हणजे 'सॉर्स'. चिठ्ठीने जे मिळाले तो वाटा, म्हणून या शब्दाला वाटा हा अर्थ आला. वाट्याला जे आले ते नशीब, म्हणून नशीब हा अर्थ आला. आणि नशिबाने माणूस ज्या स्थितीत पडला ती स्थिती, तो दर्जा, असाही अर्थ त्याला चिकटला. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत उतरला तो हे सारे गाठोडे घेऊनच. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याने 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेत, यात्रेकरू चिठ्ठ्या काढतात त्या प्रसंगी, 'सॉर्ट' हे नाम नशीब या अर्थानेच योजले आहे. पुढे दर्जा हा अर्थ बळावला, एका दर्जाची माणसे, एका प्रकारच्या वस्तू असे बोलणे रूढ झाले आणि चिठ्ठी व नशीब हे मूळचे मालक आपल्याच घरातून बाहेर पडले. त्यांची आठवण नात्यागोत्यात तेवढी उरली. चेटूक करणाऱ्याला इंग्रजीत 'सॉर्सरर' म्हणतात. तो मूळचा चिठ्ठ्या टाकून भविष्य सांगणारा. राजाच्या किंवा राणीच्या जोडीदाराला 'कॉन्सॉर्ट' म्हणतात. तो नशिबाचा वाटेकरी.

एखाद्या परकी भाषेतील ही गंमत म्हणून ती सोडून देता आली असती. पण मौज अशी की हीच वाट निराळ्या भाषांनी स्वतंत्रपणे तुडवलेली दिसते. अरबीत 'किस्म' म्हणजे प्रकार आणि 'किस्मत' म्हणजे दैव. दोन्ही शब्द वाटणी करणे या अर्थाच्या एकाच धातूपासून निघालेले. मराठीने हक्काने वापरलेला 'नशीब' हा शब्दही अरबीच, आणि त्याचा मूळ अर्थ वाटा. संस्कृतात 'भज्' म्हणजे वाटणे. त्यापासून 'भाग' झाला, भागापासून 'विभाग' झाला आणि 'भाग्य'ही झाले. लॅटिन, अरबी आणि संस्कृत या तीन भाषांनी एकमेकींना न विचारता प्रकार आणि प्राक्तन यांची सोयरीक जुळवली आहे. सामान्य मराठी माणूस तर कोणताही धातुपाठ न पाहता 'त्याच्या वाट्याला हेच आले' असे म्हणून तीच गोष्ट रोज सांगतो.

या सोयरिकीचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. वाटणी झाली की वाटे होतात, वाट्यांना नावे पडतात, आणि नाव पडले की त्या नावाचे जे होणार ते त्या वाट्यातल्या प्रत्येकाचे होते. दाण्याच्या बाबतीत यात काही बिघडत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र फार बिघडते. मराठीत 'जात' हा शब्द धानाच्या वाणालाही लागतो आणि माणसालाही लागतो. 'यंदा कोणती जात लावली?' हा प्रश्न बांधीच्या धुऱ्यावर निरुपद्रवी असतो. तोच शब्द शाळेच्या दाखल्यावर येतो तेव्हा त्यामागे शतकांची वाटणी उभी असते.

आता क्रियापदाकडे. मराठी माणसाला 'सॉर्ट' हा शब्द बहुधा प्रथम भेटला तो टपाल खात्यात. रेल्वेच्या टपाल डब्यात रात्रभर उभे राहून पत्रे खणाखणांत टाकणारा 'सॉर्टर' ही एकेकाळी ओळखीची व्यक्ती होती. या कामाला शास्त्रशुद्ध रूप देण्याचे श्रेयही एका मराठी माणसाकडे जाते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे व्यासंगी कवी आणि डाक-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी. पत्त्यांची अक्षरे नाना लिप्यांत लिहिलेली, गावांची नावे जिल्ह्याजिल्ह्यांत तीच ती, एकट्या विदर्भात पिंपळगावे किती ते कोणी मोजावे. अशा गोंधळावर वेलणकरांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. भंडाऱ्याचा ४४१९०४ हा क्रमांक घेतला तर पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन आकडे मिळून वर्गवारीचा जिल्हा, म्हणजे खात्याच्या भाषेत 'सॉर्टिंग डिस्ट्रिक्ट' सांगतात, आणि शेवटचे तीन पत्र ज्या कचेरीतून वाटले जायचे ती कचेरी सांगतात.

टपालातील या 'सॉर्टिंग'चे एक लक्षण नीट ध्यानात घ्यायला हवे. तेथे काहीही फेकले जात नाही. लाखनीचे पत्र लाखनीच्या खणात, साकोलीचे साकोलीच्या. कोणते पत्र चांगले नि कोणते वाईट हा प्रश्नच सॉर्टरपुढे नसतो. चुकून एखादे पत्र भलत्या खणात पडले तर ते दोन दिवस भटकून योग्य ठिकाणी येते. इंग्रजी 'सॉर्ट'चा गाभा हा आहे : प्रत्येकाला त्याची जागा. नको ते टाकणे हे त्याच्या अर्थात मुळात येत नाही.

संगणकावरचे 'सॉर्ट' आणखी निराळे. तेथे नावे अकारविल्हे लावतात किंवा गुण उतरत्या क्रमाने मांडतात. ते वर्गीकरण नव्हेच, ती क्रमवारी आहे. संगणकशास्त्राचे थोर अभ्यासक डोनाल्ड क्नूथ यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात ही विसंगती नोंदवली आहे. तिचे मूळ यंत्रांच्या इतिहासात सापडते. हर्मन हॉलरिथ यांनी १८९० च्या अमेरिकन जनगणनेसाठी छिद्रे पाडलेल्या कार्डांची पद्धत आणली. पुढे निघालेली यंत्रे अशी कार्डे आकड्याप्रमाणे निरनिराळ्या कप्प्यांत टाकीत. एकम स्थानापासून आरंभ करून एकेका स्थानासाठी हीच क्रिया पुनःपुन्हा केली की शेवटी सगळी कार्डे चढत्या क्रमाने लागत. कप्प्यांत टाकता टाकता रांग तयार झाली आणि जुने नाव नव्या कामाला तसेच राहिले. कचेरीतील लिपिकाने 'यादी वर्गीकृत करून सादर करावी' असे टिपणीत लिहिले म्हणजे साहेबाला क्रम हवा आहे की गट हवेत हे कळत नाही, याचे कारण हे असे आहे.

याच्या तुलनेत धानाच्या प्रदेशातील मराठी किती नेमकी आहे ते पाहावे. धान कापून कडपा वाळल्या, पुंजणे रचले, मळणी झाली की खऱ्या निवडानिवडीला सुरुवात होते, आणि तिच्या प्रत्येक पायरीला स्वतंत्र क्रियापद आहे. उंचावरून धान वाऱ्यावर सोडणे ते उफणणे. फोल दूर उडते, भरलेला दाणा पायाशी पडतो. सुपात घेऊन हलके ते पुढे उडवून टाकणे ते पाखडणे. सूप गोल फिरवून खडे एका बाजूला आणणे ते घोळणे. चाळणीतून खालीवर करणे ते चाळणे. आणि येथे एक बारकावा असा की पीठ चाळताना खाली पडलेले हवे असते, तांदूळ चाळताना खाली पडलेली कणी नको असते. ताटात पसरून डोळ्यांनी पाहणे नि बोटांनी काढणे ते निवडणे. जमिनीवर सांडलेले एकेक उचलणे ते वेचणे. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींत दगड फोडून खनिज हाताने वेगळे करणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केले ते वेचणेच. या क्रियापदांपैकी एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. उफणण्यात वारा न्याय करतो, चाळण्यात छिद्राचे माप न्याय करते, आणि निवडण्यात माणसाचा डोळा न्याय करतो. म्हणून चूक कोणाकडे मागायची हेही क्रियापदच सांगून टाकते.

इंग्रजीजवळही ही श्रीमंती आहे, पण ती वेगवेगळ्या पेट्यांत ठेवलेली आहे. उफणणे म्हणजे 'विनो', आणि तो शब्द 'विंड' म्हणजे वारा यापासूनच झालेला. चाळणे म्हणजे 'सिफ्ट'. तो 'सीव्ह' या चाळणीच्या नावाचा भाऊबंद. निवडून वेगळे काढणे म्हणजे 'कल'. त्याचे मूळ लॅटिनमधील गोळा करणे या अर्थाच्या क्रियापदात आहे, म्हणजे 'कल' आणि 'कलेक्ट' एकाच मुळाची अपत्ये. आज मात्र 'कल' म्हणजे कळपातील रोगट जनावरे मारून टाकणे, इतकी त्याची रया गेली आहे. चाळण्याला लॅटिनमध्ये जे क्रियापद होते त्यापासून 'डिसर्न' म्हणजे पारखणे आणि 'सीक्रेट' म्हणजे वेगळे काढून ठेवलेले, असे शब्द निघाले. 'सीक्रेट'वरून 'सेक्रेटरी' झाला. मंत्रालयातील सचिवापासून सहकारी संस्थेच्या चिटणिसापर्यंत सारे सेक्रेटरी अशा रीतीने चाळणीच्या वंशातले ठरतात, हे लिपिकवर्गाने गंमत म्हणून लक्षात ठेवायला हरकत नाही. ग्रीकमध्ये वेगळे करणे, निवाडा करणे या अर्थाचे जे क्रियापद होते त्याने 'क्रिटिक' आणि 'क्रायसिस' हे दोन शब्द जगाला दिले.

संस्कृतची साक्ष याहून बोलकी आहे. 'विवेक' हा शब्द 'विच्' या धातूपासून आला आणि त्या धातूचा अर्थ वेगळे करणे. यज्ञासाठी धान कांडून पाखडताना वाऱ्याने दाणे वेगळे करावेत अशी विनवणी यजुर्वेदात आहे आणि तेथे हाच धातू वापरलेला आहे. मराठी संतांनी आणि शाळामास्तरांनी ज्या विवेकाची एवढी थोरवी गायिली तो मुळात खळ्यावरचा शब्द आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तर शहाण्या माणसांनी वाणी शुद्ध केली ती चाळणीने सातू स्वच्छ करावा तशी, असा दृष्टान्त आला आहे; पतंजलीने व्याकरण कशासाठी शिकावे हे सांगताना महाभाष्याच्या आरंभीच त्याचा आधार घेतला. वारा आणि चाळणी ही दोन साधने शब्दाला आणि बुद्धीला पुरली, याचे नवल वाटते. आणि राईस मिलमधील ते 'सॉर्टेक्स' यंत्र तरी काय करते? दाण्यांची धार उतारावरून घसरत येते, कॅमेरा डागी दाणा हेरतो आणि दाबून भरलेल्या हवेचा एक फटकारा तेवढा दाणा बाजूला उडवतो. नाव 'सॉर्ट'चे घेतलेले असले तरी काम उफणण्याचे आहे. फक्त वाऱ्याला डोळा मिळाला आहे.

येथपर्यंत दाण्यांची गोष्ट झाली. भंडारा जिल्ह्यात एक धंदा असा आहे की ज्यात निवडण्याचे क्रियापद थेट मजुरीला जाऊन भिडते : बिडीचा. घरी बसून बाई पान कापते, तंबाखू भरते, हजाराच्या हिशेबाने बिड्या वळते आणि कारखान्यावर किंवा कंत्राटदाराकडे नेऊन देते. तेथे तपासणी होते आणि काही बिड्या बाजूला काढल्या जातात. त्यांना 'छाट' म्हणतात. छाट निघाली की तेवढी मजुरी गेली. पान निकृष्ट मिळाले असेल, तंबाखू ओली असेल, तरी छाट बाईच्याच नावावर. नाकारलेल्या बिड्या तिला परत मिळत नाहीत, त्या शेवटी बाजारातच जातात, अशी तक्रार या धंद्यात वर्षानुवर्षे होत आली. घरातील तांदूळ निवडणारी बाई तोच तांदूळ शिजवून खाते, म्हणून तिचा हात प्रामाणिक राहतो. छाट काढणाऱ्याचा लाभ मात्र जितकी छाट अधिक तितका अधिक. एकच क्रिया, पण करणाऱ्याचा स्वार्थ बदलला की तिचा अर्थ पालटतो.

संसदेने १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा केला तेव्हा हे क्रियापद तिच्यापुढे आलेच. कच्चा माल देण्याविषयी, बिड्या नाकारण्याविषयी आणि नाकारलेल्या बिड्यांच्या मजुरीविषयी वाद उत्पन्न झाल्यास तो सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने सोडवावा, अशी तरतूद त्यात करण्यात आली. महाराष्ट्राच्या नियमांत सर्वसाधारणपणे शंभरात पाचांहून अधिक बिड्या छाट म्हणून नाकारू नयेत अशी मर्यादा घालण्यात आली. कारखानदार न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पुढे तो २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. निवडणाऱ्याच्या हाताला मर्यादा असावी आणि त्याच्या निर्णयावर दुसऱ्या कोणाची तरी नजर असावी, हे तत्त्व भारतीय कायद्यात बिडीसारख्या क्षुल्लक वस्तूच्या निमित्ताने इतक्या स्पष्टपणे मांडले गेले, ही साधी गोष्ट नव्हे. नोकरीच्या अर्जांची 'छाननी' करणाऱ्या किती कचेऱ्या नाकारलेल्या अर्जदाराला कारण कळवतात? उमेदवाराच्या हाती 'अपात्र' एवढा एकच शब्द पडतो. बिडी वळणाऱ्या बाईला वाद मांडायला निदान एक अधिकारी तरी नेमून दिला होता.

निवडणाऱ्याच्या डोळ्याचे दुसरे टोकही याच मुलखात पाहायला मिळते. भंडाऱ्याला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे हे अगदी अल्पभूधारक शेतकरी, शिक्षण तिसरीपर्यंतचे. १९८३ साली 'पटेल ३' या वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर, ठेवण निराळी. बियाण्याच्या शास्त्रात अशा झाडाला भेसळ म्हणतात आणि वाण शुद्ध राखण्यासाठी ते उपटून टाकतात. खोब्रागडे यांनी त्या लोंब्या वेचून जपून ठेवल्या, वेगळ्या लावल्या, पुढच्या वर्षी पुन्हा त्यातून निवडल्या. अशा वर्षानुवर्षांच्या निवडीतून जो बारीक तांदूळ निघाला त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' हे नाव मिळाले. आज पूर्व विदर्भात हा तांदूळ कोणाला माहीत नाही? २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१८ साली ते निवर्तले. त्या लोंब्या १९८३ च्या हंगामात एखाद्या काटेकोर बीजतपासनिसाच्या दृष्टीस पडल्या असत्या तर त्या छाट ठरल्या असत्या, आणि त्याच्या पुस्तकाप्रमाणे तो बरोबरही ठरला असता.

शिक्षकांच्या संदर्भात ही गोष्ट येथेच सांगून टाकलेली बरी. अनेक शाळांत आठवीला गुणांच्या उतरत्या क्रमाने मुले लावतात आणि वरची 'अ' तुकडीत, खालची 'ड' तुकडीत बसवतात. मुख्याध्यापकांच्या मते हे वर्गीकरण असते, शिकवायला सोयीचे. वस्तुतः संगणकाने लावलेली ती नुसती क्रमवारी. साठाव्या आणि एकसष्टाव्या मुलात कदाचित एका गुणाचे अंतर असते. परंतु मध्ये रेघ ओढली की क्रमवारीचे वर्ग होतात, वर्गाला अक्षर मिळते, अक्षराप्रमाणे शिक्षक मिळतात, आणि वर्षभरात एकसष्टावे मूल स्वतःला 'ढ' म्हणू लागते. शब्दाने शेकडो वर्षांत केलेला प्रवास, म्हणजे नशिबापासून दर्जापर्यंतचा, ते मूल उलट दिशेने एका वर्षात करते. टपालातील पत्र भलत्या खणात पडले तर परत येते, त्यावर शिक्का असतो, पत्ता असतो. मुलाच्या कपाळावर तसा पत्ता लिहिलेला नसतो. हुशारीप्रमाणे तुकड्या पाडण्याचा हा प्रघात, सोयीचा असला तरी, सोडून द्यावा. मुले वयाप्रमाणे किंवा नावाप्रमाणे मिसळून बसवली तर शिकवणे कठीण होते हे खरे, पण ते कठीण काम शिक्षकाचे आहे, मुलाचे नव्हे.

लोकशाहीतील सर्वांत मोठ्या निवडीला मराठीने तांदूळ निवडण्याचेच क्रियापद दिले आहे. इंग्रजी 'इलेक्शन'चाही मूळ अर्थ वेचून काढणे असाच. पण तो शब्द ऐकताना इंग्रजाला धान्य आठवत नाही, 'निवडणूक' ऐकताना मराठी माणसाला ताट आणि खडे आठवू शकतात. ज्याचा हात त्याचा डोळा, आणि डोळ्याची चूक त्याच्याच नावावर. १९५४ साली भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. हा त्या वेळी दोन जागांचा मतदारसंघ होता. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. ज्या पुरुषाने माणसांची जन्मावरून केलेली वाटणी मोडण्यासाठी आयुष्य वेचले आणि ज्याच्या अध्यक्षतेखाली राज्यघटनेचा मसुदा कलमाकलमाने पाखडला गेला, त्याला या जिल्ह्याच्या निवडीने बाजूला काढले. पक्षांची गणिते, त्या काळची हवा, अशी कारणे दाखवता येतील. तरीही निवडणारा मतदार होता, वारा नव्हता.

डोळ्यावर भरवसा नसला की माणूस पुन्हा चिठ्ठीकडे वळतो, आणि 'सॉर्स' आपल्या मूळ घरी परत येते. प्राचीन अथेन्समध्ये पुष्कळसे अधिकारी चिठ्ठीने नेमले जात. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथे दहाव्या शतकातील शिलालेखांत ग्रामसभेच्या समित्या निवडण्याची रीत कोरलेली आहे : उमेदवाराची जमीन, वय, शिक्षण हे आधी पाहायचे, पूर्वी हिशेब न दिलेल्यांना आणि त्यांच्या नातलगांना वगळायचे, आणि मग उरलेल्यांची नावे पानांवर लिहून मडक्यात टाकायची. मडक्यातून पान काढायचे ते लहान मुलाने. प्रेनेस्तेच्या देवळातील मुलाची येथे आठवण होते. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसील पातळीवर निघते तेव्हाही चिठ्ठी काढायला बहुधा शाळकरी मूलच पुढे करतात. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी असतात, आणि अर्ज जागांहून अधिक झाले की सोडत काढतात. दोन उमेदवारांना सारखी मते पडली तर १९५१ चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा चिठ्ठीचाच आश्रय घेतो; २०१७ साली मुंबई महानगरपालिकेच्या एका प्रभागाचा निकाल असाच ईश्वरचिठ्ठीने लागला.

चिठ्ठीत बुद्धी नाही म्हणून तिला हसणारे पुष्कळ आहेत. पण सोडतीत ज्याचे नाव निघाले नाही त्या मुलाला कोणी 'ड' तुकडी म्हणत नाही. त्याचा क्रमांक लागला नाही, एवढेच. नाकारण्याला गुणाचे सोंग न देणारी निवडीची ही एकच रीत आहे, आणि जेथे खरोखर गुणांत फरक नसतो किंवा तो मोजण्याचे प्रामाणिक साधन नसते तेथे एका गुणाच्या रेघेपेक्षा ती कितीतरी सभ्य आहे. उत्तरमेरूरच्या गावकऱ्यांना हे कळले होते. त्यांनी आधी चाळले आणि चाळणीचे काम संपले तेथे मडके पुढे केले.

राहिला फळ्यावरचा प्रश्न. 'सॉर्ट'साठी एकच मराठी शब्द नेमण्याचा आग्रह सोडला पाहिजे. टपालासारखे जेथे सर्वांना आपापली जागा मिळते तेथे 'वर्गवारी करणे' ठीक. संगणकातील यादीला 'क्रम लावणे' म्हणावे. तेथे वर्गाचा संबंध नाही. धान खरेदी केंद्रावर ओलावा आणि डागी दाणे पाहून माल ठरवतात ती 'प्रतवारी'. ज्यात काहीतरी टाकून दिले जाते ते 'निवडणे' किंवा 'चाळणे', आणि कचेरीच्या पत्रात त्याच्याबरोबर टाकण्याचे कारणही लिहावे. बिडीच्या धंद्यातील 'छाट' या शब्दाला पर्याय शोधण्याची गरज नाही. इंग्रजीत लिहिलेल्या नियमांनाही तो जसाच्या तसा घ्यावा लागला.